ऑफिसात स्वतःचा लॅपटॉप: साडेचौदा महिन्यांचा हिशेब

परवा माझा लॅपटॉप मी ऑफिसातून कायमचा घरी आणला. सव्वा वर्षापूर्वी ऑफिसने संगणक द्यायला नकार दिला म्हणून तो घेतला होता, आणि तेव्हापासून त्याच्यावरच नोकरी चालली होती. मधल्या काळात कोणता अर्ज कुठे करायचा, कशाची पोच घ्यायची हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. माझ्यासारखी अडचण असलेल्या दुसऱ्या कुणाला एवढं चाचपडावं लागू नये, म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी निमशासकीय कार्यालयात लिपिक आहे. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. डोळ्याच्या पडद्याचा हा आनुवंशिक आजार. माझ्या बाबतीत आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं, आणि आता नळीतून पाहावं तेवढंच उरलं आहे. समोरच्या माणसाचं नाक दिसतं, पण त्याने पुढे केलेला चहाचा कप दिसत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दोन्ही माझ्याकडे आधीपासून होतं. हे दोन कागद नसतील तर पहिलं काम त्यांचंच करा. पुढचा प्रत्येक अर्ज त्यांच्यावरच उभा राहतो.

कागदाच्या फायली होत्या तोवर मी निभावून नेत होते. टेबलावरचा दिवा, काळं जाड पेन, ओळीखाली धरायला पट्टी. 2023 च्या सुरुवातीला आमचं बरंचसं काम संगणकावर आलं आणि माझी पंचाईत झाली. पांढऱ्या झगझगीत पडद्यावर कर्सर शोधण्यातच मिनिटं जायची. दुपारी तीनपर्यंत डोकं ठणकायला लागायचं. माझ्या टेबलावरची प्रकरणं साठत गेली आणि शेजारच्या ताई न सांगता त्यातली दोन-चार उचलून न्यायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण दुसऱ्याच्या जिवावर पगार घ्यायचा ही गोष्ट मला झोपू देत नव्हती.

12 जून 2023 ला मी आमच्या अधीक्षकांकडे गेले, तोंडीच. म्हटलं, साहेब, संगणकावर अक्षर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकू द्या. एनव्हीडीए नावाचं आहे, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोघा अंध तरुणांनी 2006 साली त्याचं काम सुरू केलं. पडद्यावर जे असेल ते ते कानात बोलतं, मराठीही वाचतं. सोबत एक हेडफोन आणि थोडा बरा संगणक मिळाला तर माझं काम वेळेत होईल.

साहेब वाईट माणूस नव्हेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, याला तरतूद नाही. कुठल्या लेखाशीर्षातून घालायचं? त्यापेक्षा तुम्हाला मोठा स्क्रीन देतो, लेखा शाखेत एक पडून आहे."

मोठा स्क्रीन! सगळ्यांना हेच सुचतं. अंधुक दिसणाऱ्याला तो उपयोगी पडतही असेल. पण माझी नजर अरुंद आहे. अक्षर जितकं मोठं तितकी कमी अक्षरं माझ्या नळीत मावतात, आणि स्क्रीन जितका रुंद तितकी मान जास्त फिरवावी लागते. मला हवी असते काळी पार्श्वभूमी, त्यावर मध्यम आकाराचं पिवळं किंवा पांढरं अक्षर, आणि बाकी सगळं कानाने. दोन्ही हातांची बोटं वळवून मी डोळ्यांना लावली आणि साहेबांना म्हटलं, असं करून हे पत्र वाचून बघा. त्यांनी तसं करून बघितलं. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो, पण पैशांचं काय करू?"

एनव्हीडीए पेनड्राइव्हवरूनही चालतं, संगणकात बसवावं लागत नाही. म्हणून मी तो मार्ग धरला. पण आमच्याकडे यूएसबीची तोंडं बंद केलेली होती, आणि देखभालीच्या कंत्राटावरचा मुलगा म्हणाला की लेखी आदेश नसताना त्याला काही करता येणार नाही. शिवाय माझ्या टेबलावरच्या मशिनमध्ये विंडोज 7 आणि 2 जीबी रॅम. साधी एक्सेल उघडायलाही ते धापा टाकायचं.

24 जूनला, शनिवारी, नवऱ्याला घेऊन कोल्हापूर गाठलं आणि जुना पण चांगल्या स्थितीतला लॅपटॉप घेतला. 8 जीबी रॅम, एसएसडी, विंडोज 10. 26,500 रुपये. हेडफोन 750 आणि कीबोर्डवर चिकटवायची काळ्यावर पिवळी ठळक अक्षरं 180. एकूण 27,430. मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून ते गेले. इथे मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. दुकानदाराने विचारलं, "पक्कं बिल पाहिजे का ताई? पक्कं घेतलं तर जास्त पडेल." मी कच्च्या पावतीवर भागवलं. बिल पक्कं हवं, स्वतःच्या नावाचं हवं, त्यावर मशिनचा अनुक्रमांक हवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर "ही वस्तू तुमचीच आहे कशावरून?" असं विचारलं जातं.

सोमवारपासून लॅपटॉप ऑफिसात न्यायला लागले. पहिल्या दिवशी हेडफोन लावून इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला, आणि कानात "उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की" सुरू झालं. यंत्राचा आवाज तो, जोडाक्षरांना अडखळणारा. पण ते पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मी एकदाही न थांबता ऐकलं. बारा वर्षांच्या नोकरीत शेवटची दोन वर्षं मी अख्खं पत्र एका दमात वाचलेलं नव्हतं. डोळे भरून आले, म्हणून उठून पाणी प्यायला गेले.

कामातला मोठा अडथळा निघाला तो फॉण्टचा. हे डोळसांना चटकन कळत नाही. आमच्याकडची जुनी पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनला मराठी म्हणूनच कळेल अशा लिपीपद्धतीत, नाहीत. पडद्यावर "अर्ज" दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. वर मराठी अक्षराचा मुखवटा. वाचक सॉफ्टवेअरला मुखवटा दिसत नाही, ते आतलं वाचतं. त्यामुळे एखादा जुना आदेश उघडला की कानात "व्ही, डॉलर, कॅपिटल एच, तारा" असा पाऊस पडायचा. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसतं चित्र, त्यात वाचण्यासारखं काहीच नसतं. रोज लागणारे पंचवीस-तीस नमुने मी घरी बसून युनिकोडमध्ये नव्याने टाइप केले. आषाढातल्या संध्याकाळी त्यातच गेल्या. आता शाखेतले सगळेच ते नमुने वापरतात, कारण ते मोबाइलवरही नीट उघडतात.

तीन आठवडे बरे गेले. 18 जुलैला वरच्या कार्यालयातून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्या टेबलापाशी थांबून विचारलं, "हा लॅपटॉप कार्यालयाचा आहे?" मी खरं ते सांगितलं. संध्याकाळी हातात कागद पडला: खाजगी उपकरणावर कार्यालयीन माहिती हाताळल्याबाबत तीन दिवसांत खुलासा सादर करावा.

त्या रात्री मी जेवले नाही. चोरी केल्यासारखं वाटत होतं. मुलगी म्हणाली, "आई, पैसे तूच घातलेस ना त्याच्यात?" तिला काय उत्तर द्यायचं ते कळेना. आज मागे वळून बघताना मात्र त्या अधिकाऱ्यांची शंका चूक होती असं मला म्हणवत नाही. आस्थापनेचे कागद म्हणजे लोकांच्या सेवापुस्तकातल्या नोंदी, आजारपणं, चौकश्या. ते कुणाच्याही खाजगी मशिनवर पडून राहणं बरोबर नाही. विना परवानगी सुरुवात करायला नको होती. पण परवानगी मागायची ती कशी आणि कुणाकडे, हेही मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

रात्री दहा वाजता एका मित्राला फोन लावला. तो पूर्ण अंध आहे आणि एका बँकेत आहे. त्याने आधी मला रडू दिलं. मग म्हणाला, "अगं, तू उपकार मागतेयस. ते बंद कर. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 20 वाच. उद्या सकाळी मला पुन्हा फोन कर."

वाचलं. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. कलम 20 म्हणतं की प्रत्येक सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सुविधा आणि अडथळामुक्त वातावरण पुरवलं पाहिजे. सरकारी आस्थापना या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणंही येतात. वाजवी सुविधा म्हणजे काय हेही कायद्यातच आहे: माणसाच्या गरजेप्रमाणे केलेले आवश्यक आणि योग्य ते बदल, ज्यांचा देणाऱ्यावर अवाजवी बोजा पडत नाही. आणि 11 फेब्रुवारी 2021 च्या विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी सुविधा हा समानतेच्या हक्काचाच भाग मानला आहे. मुद्दा बोजाचा होता, म्हणून मी बोजा मोजायला बसले. गावातल्या संगणकवाल्याकडून दरपत्रक घेतलं: एसएसडी 2,400, रॅम 1,800, हेडफोन 750, नव्या विंडोजचा परवाना 10,200, सॉफ्टवेअर शून्य. एकूण 15,150 रुपये.

20 जुलैला खुलासा दिला. एक पान. चूक झाली ती कबूल केली, कारण सांगितलं, आणि कार्यालयीन फायली लॅपटॉपवरून काढून टाकल्याचं लिहिलं. 31 जुलैला स्वतंत्र अर्ज केला. त्यात दोन मागण्या होत्या: कार्यालयाने मला साधन पुरवावं, आणि ते येईपर्यंत स्वतःचं वापरण्याची तात्पुरती परवानगी द्यावी. सोबत प्रमाणपत्र, यूडीआयडीची प्रत, दरपत्रक, कलम 20 चा उतारा. अर्ज साहेबांच्या हातात न देता बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदीच्या टेबलावर, दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. ओळखीचं ऑफिस असलं की पोच मागायला संकोच वाटतो. बारनिशीतले मामा हसून म्हणाले, "आपल्याच हापिसात पोच?" मी म्हटलं, "मामा, मला शोधाशोध जमत नाही, शिक्का असला की बरं." त्यांनी शिक्का मारलाच, शिवाय तारखेवर बोट ठेवून मला ती वाचूनही दाखवली.

उत्तराला 43 दिवस लागले. त्या दिवसांत मी पुन्हा जुन्या मशिनवर. काम मागे, डोकं ठणकलेलं, आणि ताई पुन्हा माझी प्रकरणं उचलायला लागलेल्या.

12 सप्टेंबरला पत्र आलं: "सदर बाबीकरिता तरतूद उपलब्ध नसल्याने आपण स्वखर्चाने व स्वजबाबदारीवर आपले उपकरण वापरण्यास हरकत नाही." शाखेत सगळ्यांनी अभिनंदन केलं. मीही घरी जाताना पेढे घेतले. रात्री मित्राला पत्र वाचून दाखवलं, तर तो गप्प झाला. म्हणाला, "ही परवानगी नाही. तुझं प्रकरण बंद केलंय. उद्या लॅपटॉप पडला की नवा तूच घ्यायचा. तू निवृत्त होईपर्यंत तूच घ्यायचा. आणि तुझ्यामागून जो येईल त्याला तुझंच पत्र दाखवतील, त्या बाईंनी स्वतःचा आणला होता, तुम्हीही आणा."

शेवटचं वाक्य मला लागलं. माझ्या 27,430 रुपयांची मी मनाशी तडजोड केली होती. पण माझ्या पदरमोडीने पुढच्याची वाट बंद होणार असेल, तर ती मला मान्य नव्हती.

कायद्याच्या कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असला पाहिजे, आणि कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण. आमच्याकडे हे अधिकारी कोण, ते कुणालाच सांगता येईना. गणपतीच्या आदल्या दिवशी, 18 सप्टेंबरला, माहिती अधिकारात अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीन प्रश्न: धोरणाची प्रत, अधिकाऱ्याचं नाव व पदनाम, आणि गेल्या तीन वर्षांत दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सहायक साधनांवर झालेला खर्च. स्वतःच्याच ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज घालणं सोपं नसतं. दोन दिवस चहाला कुणी हाक मारली नाही. मी मुद्दाम अर्जात तक्रारीचा एकही शब्द घातला नव्हता, नुसते प्रश्न. त्याचा पुढे उपयोग झाला. अंगावर घ्यावं असं त्यात काही नव्हतंच, त्यामुळे गणपती उठेपर्यंत सगळं निवळलं.

कायद्याने मुदत 30 दिवसांची. 28 व्या दिवशी, 16 ऑक्टोबरला उत्तर मिळालं. धोरण: उपलब्ध नाही. अधिकारी: नियुक्तीची कार्यवाही सुरू आहे. खर्च: निरंक, म्हणजे शून्य. आणि त्याच आठवड्यात उपमुख्य पदावरच्या एका मॅडमना तक्रार निवारण अधिकारी नेमल्याचा आदेश निघाला. माझ्या एका प्रश्नाने ते पद भरलं गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 25 ऑक्टोबरला त्यांच्याकडे रीतसर तक्रार दिली. तक्रारीची चौकशी नोंदणीपासून दोन आठवड्यांत व्हायला हवी असं कायदा सांगतो, ते मी अर्जातच लिहिलं. समाधान झालं नाही तर पुढे जिल्हास्तरीय समिती आहे, आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त. तिथवर जायची माझ्यावर वेळ आली नाही.

7 नोव्हेंबरला सुनावणी झाली. लेखा शाखेचे साहेब, आमचे अधीक्षक, कंत्राटदाराचा तो मुलगा आणि मी. मी केंद्राच्या कार्मिक विभागाचा 31 मार्च 2014 चा आदेश नेला होता. दिव्यांग कर्मचाऱ्यांना सहायक साधनं, सॉफ्टवेअर, संगणक पुरवावेत किंवा त्यांचा खर्च द्यावा असं त्यात आहे. लेखा साहेबांनी तो बाजूला सारला. "हे केंद्राचं आहे, आपल्याला लागू नाही." मी वाद घातला नाही. म्हटलं, तो दिशा म्हणून बघा, पण कलम 20 आपल्यालाही लागू आहे. मग दरपत्रक पुढे केलं. 15,150 हा आकडा बघून मॅडमनी लेखा साहेबांना विचारलं, "एवढ्या कार्यालयाला हा अवाजवी बोजा आहे, असं मी लिहू का?" ते काही बोलले नाहीत.

सुरक्षेचा प्रश्न निघाला तेव्हा कंत्राटाच्या मुलाने आपणहून सांगितलं की विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेची अद्यतनं 14 जानेवारी 2020 पासून बंद आहेत, आणि माझा लॅपटॉप ऑफिसच्या मशिनपेक्षा सुरक्षित आहे. वयाने माझ्या भाच्याएवढा पोरगा, कंत्राटी नोकरी, तरी साहेबांसमोर बोलला.

23 नोव्हेंबरला आदेश निघाला. "कार्यालयाकडून योग्य संगणक उपलब्ध होईपर्यंत, तात्पुरत्या स्वरूपात." हे सहा-सात शब्द माझ्यासाठी सगळ्यात मोलाचे होते. त्यांच्यासाठी मी सुनावणीत दोनदा विनंती केली होती. "स्वखर्चाने" हा शब्द वगळला गेला. अटी अशा: लॅपटॉपवर कार्यालयीन कामासाठी वेगळं खातं आणि पासवर्ड, फायली कार्यालयाच्या सामाईक फोल्डरमध्येच, खाजगी मेलवर काहीही पाठवायचं नाही, आणि वापर संपताना माहिती पुसल्याचं प्रमाणपत्र. हमीपत्र लिहून दिलं. हरवल्या-मोडल्याची भरपाई कार्यालयाने द्यावी ही माझी मागणी मान्य झाली नाही. लॅपटॉपचे पैसेही मिळाले नाहीत, कारण खरेदीआधी मंजुरी नव्हती आणि बिल कच्चं. म्हणून सांगते, आधी अर्ज, मग मंजुरी, मग खरेदी. पोटाची घाई असते हे मला माहीत आहे, तरी निदान पंधरा दिवस थांबा.

दोन गोष्टी मात्र मिळाल्या आणि त्यांनी रोजचं जगणं बदललं. एक, लॅपटॉपवर "खाजगी मालमत्ता" अशी चिठ्ठी आणि दारावरच्या नोंदवहीत त्याचा अनुक्रमांक. नाहीतर वर्षअखेरच्या मोजणीत तो जडसंग्रहात, म्हणजे कार्यालयाच्या मालकीच्या सामानात, धरला जातो आणि मग बाहेर काढताना जीव मेटाकुटीला येतो. दुसरी, कुलपाचा ड्रॉवर. पावसाळ्यात संध्याकाळी सहाला एस. टी. स्टँडपर्यंत जाताना एका हातात छत्री आणि दुसऱ्यात लॅपटॉपची बॅग असायची, आणि अंधारात सगळ्यात जास्त गरज असायची ती पांढऱ्या काठीला हातच शिल्लक नसायचा. जुलैत एकदा उघड्या गटारात पाय गेला होता. ड्रॉवर मिळाल्यावर लॅपटॉप ऑफिसातच राहायला लागला.

याच खटपटीत लेखा शाखेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की अंध व कायमस्वरूपी दिव्यांगांना महाराष्ट्रात व्यवसाय करातून सूट आहे. वर्षाचे 2,500 रुपये मी बारा वर्षं भरत आले होते. तुमच्या पगारपत्रकात तो कापला जात असेल तर आजच प्रमाणपत्राची प्रत जोडून अर्ज द्या. आयकराची जुनी करप्रणाली घेत असाल तर दिव्यांगत्वासाठी 75,000 ची वजावटही आहे, तीव्र दिव्यांगत्व असेल तर 1,25,000.

पुढे खरेदीची फाइल. जुन्या मशिनची डागडुजी करण्यापेक्षा नवा संगणकच घ्यावा, असं जानेवारीत ठरलं. 12 मार्च 2024 ला टिपणीवर मंजुरीची सही झाली. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि नवी खरेदी नको म्हणून फाइल थांबली. अर्धं ऑफिस निवडणुकीच्या कामाला. आमच्याकडे मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला. तोवर 31 मार्च उलटून ती तरतूद परत गेलेली. हे कळलं त्या दिवशी मी खरंच खचले. सही झालेला कागद चार दिवसांनी हुकला होता.

18 जूनला स्मरणपत्र दिलं. त्यात जुने सगळे आवक क्रमांक तारखांसह ओळीने लिहिले आणि एक नवा मुद्दा घातला: एनव्हीडीएची 2024 पासूनची आवृत्ती विंडोज 7 वर चालतच नाही, त्यामुळे डागडुजीचा विचार आता सोडावा लागेल. अधीक्षक साहेबांनी ते पत्र स्वतः हातात घेऊन वर नेलं. सुनावणीनंतर ते बरेच बदलले होते. कुणाला माझ्याबद्दल सांगायचं झालं की बोटं वळवून डोळ्यांना लावायचे आणि म्हणायचे, "एवढंच दिसतं त्यांना, आणि तरी टिपणी बघा." जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून ऑर्डर गेली आणि 29 ऑगस्ट 2024 ला खोकं आलं.

एनव्हीडीए बसवायला कंत्राटाचा मुलगा आला. आता लेखी आदेश होता, त्यामुळे दहा मिनिटांत काम झालं. त्याने विचारलं, "मॅडम, हे शिकायचं कुठे?" मी मित्राकडून फोनवर शिकले. पण मुंबईत राष्ट्रीय अंध संघ आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्रही आहे. तिथे असं प्रशिक्षण होतं, ते त्याला सांगितलं. त्याच्या आत्याला काचबिंदू आहे म्हणे. मग मी त्याला इन्सर्ट आणि टी दाबून खिडकीचं नाव कसं ऐकायचं ते दाखवलं, कंट्रोलने आवाज कसा थांबवायचा तेही. त्याने डोळे मिटून एक पत्र उघडून बघितलं.

मग लॅपटॉपवरचं कार्यालयीन खातं आम्ही दोघांनी मिळून पुसलं. त्याने प्रमाणपत्रावर सही केली, अधीक्षकांनी प्रतिस्वाक्षरी. दारावरच्या नोंदवहीत "बाहेर" या रकान्यात नोंद झाली आणि "खाजगी मालमत्ता" ची चिठ्ठी मी नखाने खरवडून काढली. बॅग नवऱ्याकडे दिली आणि काठी उघडून चालत निघाले.

निघण्याआधी भांडार शाखेत थांबून ताईंना म्हटलं होतं, जडसंग्रह नोंदवहीतली नव्या संगणकाची ओळ वाचून दाखवा. त्यांनी वाचली: "संगणक संच, एक नग, दृष्टिदिव्यांग कर्मचाऱ्याच्या वापराकरिता." मी विचारलं, त्यात माझं नाव आहे का? त्या म्हणाल्या, "नाही गं, पदनामही नाही. नुसतं कर्मचाऱ्याच्या." तसंच राहू दे म्हटलं.